ओल्ड गोव्याला फक्त चाळीस मिनिटं? नागपूरच्या सहलवाल्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातून गोव्याच्या सहली नेणारे टूर ऑपरेटर, टूर मॅनेजर आणि गाइड मंडळी

स. न. वि. वि.

मागच्या हिवाळ्यात त्रिमूर्ती नगरातले आम्ही बारा जण, सगळे सकाळच्या हास्य क्लबातले, तुमच्यापैकीच एकांबरोबर गोवा करून आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. परत आल्यावर आणखी चार ठिकाणची माहितीपत्रकं गोळा करून पाहिली, तर सगळ्यांचा तिसरा दिवस सारखाच निघाला. तेव्हा एकट्यालाच काय धरायचं! पत्रकात होतं, 'ओल्ड गोवा चर्च, ४० मिनिटं'. खालच्या ओळीत, 'काजू व मसाला खरेदी, सव्वा तास'.

आधी मी कोण ते सांगतो. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. इमारत दिसली की तिची मधली रेघ शोधायची, ही खोड हाडात मुरलेली आहे. त्यामुळे मला इतर प्रवाशांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मान्य. पण पुढचं गाऱ्हाणं त्या खोडीचं नाही.

झालं असं. बस थांबली, सगळे बॉम जीझस चर्चच्या रांगेत. सेंट फ्रान्सिस झेवियर या संताचं शव ठेवलेल्या पेटीपर्यंत पोचून बाहेर येईस्तोवर अर्धा तास गेला. मी रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हटलं, तिकडे कधी जायचं? मॅनेजर म्हणाला, "ते पांढरं दिसून राहिलं ना गुरुजी, ते पण चर्चच आहे. आतमधी तेच ते आहे. बाहेरूनच फोटो काढून घ्या न जी, जेवण थंड होऊन राहिलं."

पोरगा स्वभावाने चांगला होता, आमच्या सौंची बॅग त्याने पाच दिवस उचलली. पण 'आतमधी तेच ते आहे' हे वाक्य माझ्या डोक्यात माशीसारखं घोंघावत राहिलं. दुसऱ्या दिवशी मंडळी बीचवर गेली तेव्हा मी पणजीच्या स्टँडवरून कदंबाची बस धरली आणि अख्खी सकाळ त्या पांढऱ्या इमारतीत काढली. हे पत्र त्या सकाळचं आहे.

ते नुसतं 'पण चर्च' नाही. ते से कॅथेड्रल आहे. पोर्तुगीज भाषेत 'से' म्हणजे आसन. कॅथेड्रल या शब्दाच्या मुळाशीही बिशपची खुर्चीच आहे. आपल्याला हे समजायला इंग्रजी लागत नाही, मराठीत याला नेमका शब्द आहे: गादी. सातारची गादी म्हणतो, मठाची गादी म्हणतो, तशी ही आर्चबिशपची गादी. चर्च आकाराने कितीही मोठं असो, गादी नसेल तर ते कॅथेड्रल नाही. आणि गादी असेल तर छोटंसंही कॅथेड्रल. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला समाधी आणि दुसऱ्या अंगाला गादी, असा ओल्ड गोव्याचा सरळ हिशेब आहे. आपल्या माणसांना एवढं एक वाक्य बसमध्ये सांगितलं तरी ती आपण होऊन रस्ता ओलांडतील. समाधीला जाऊन गादीला पाठ दाखवणारा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि कॅथेड्रल म्हणजे काय हे पाहायला नागपूरकराला गोव्यालाही जायला नको. मोहन नगरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे. आपल्याला 'एसएफएस' ही तीन अक्षरं फक्त शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनपुरती माहीत. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ साली विशाखापट्टणमपासून वेगळा निघाला, १९५३ मध्ये त्याचा महाधर्मप्रांत झाला. इथे आलेले ते सुरुवातीचे पाद्री गोव्याचे नव्हते की इंग्रजही नव्हते. आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावच्या संस्थेचे. आनसी आज फ्रान्समध्ये आहे, पण त्यांची पहिली तुकडी १८४५ साली निघाली तेव्हा तो मुलूख फ्रान्सचा नव्हता, सार्डिनियाच्या राजाचा होता. आणि ज्या संताचं नाव त्यांनी आणलं त्याची गंमत अशी की तो बिशप होता जिनिव्हाचा, पण जिनिव्हा प्रोटेस्टंट झालेलं. स्वतःच्या गादीवर बसणं त्याच्या नशिबी आलं नाही, आनसीत राहून कारभार पाहावा लागला. गादीला मुकलेल्या बिशपच्या नावाने नागपुरात गादी! (सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल वेगळं, ते प्रोटेस्टंटांचं. दोन्हींची गल्लत रिक्षावालेही करतात आणि वर्तमानपत्रंही.)

असो. गोव्याकडे येतो.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशहाकडून हे शहर घेतलं. तो दिवस सेंट कॅथरिनचा सण, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. आज उभी आहे ती इमारत १५६२ मध्ये सुरू झाली. पोर्तुगालच्या गादीवर तेव्हा सेबास्तियान नावाचा राजा होता, वय वर्षं आठ. पैसा सरकारी मालमत्ता विकून उभा केला. मुख्य बांधकाम उरकायला १६१९ उजाडलं, विधिवत प्रतिष्ठापना १६४० मध्ये, आणि आतल्या वेद्या पुऱ्या झाल्या १६५२ साली. सुरुवातीपासून मोजलं तर नव्वद वर्षं. आपल्याकडे उड्डाणपुलाला तीन वर्षं उशीर झाला की आपण मोर्चे काढतो. शेवटच्या वेदीवर सोन्याचा मुलामा चढला तेव्हा शिवाजी महाराज बावीस वर्षांचे होते आणि बख्त बुलंद शहाचं नागपूर अजून वसायचं होतं.

आता ते बाहेरूनच काढायच्या फोटोबद्दल. फोटो काढाच, पण कुठे उभं राहून? बस लागते त्या बाजूने कॅथेड्रलची कूस दिसते, तोंड नाही. दर्शनी भाग पूर्वेला आहे. चर्चची वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला ही युरोपातली जुनी रीत, इथे ती उलटी झाली आहे. वळसा घालून समोरच्या हिरवळीवर गेलात की ती भिंत पूर्ण दिसते, ११६ फूट उंच, चुन्याने पांढरीशुभ्र. तिथे उभं राहिल्यावर माझ्यासारख्या ड्रॉइंग मास्तरच्या छातीत एकदम धस्स होतं, कारण मधल्या रेघेच्या दोन बाजू जुळत नाहीत. डाव्या हाताला मनोरा आहे. उजव्या हाताला आकाश.

तो मनोरा होता. १७७६ साली वीज पडून कोसळला आणि पुन्हा कधी बांधलाच नाही. आमच्या बसमधल्या एकाला स्थानिक गाइडने सांगितलं की पोर्तुगीजांचे पैसे संपले म्हणून अर्धवट राहिला. साफ चूक. दीडशेहून जास्त वर्षं जोडी उभी होती. मी शाळेत पोरांना सममिती शिकवताना कागदाची घडी घालून अर्ध्या भागात शाई टाकायला लावायचो, उघडलं की फुलपाखरू. इथे घडी उघडली आणि अर्ध्याच फुलपाखराला पंख. पण खरं सांगू? दोन्ही मनोरे असते तर ती इमारत रुबाबदार दिसली असती, एवढंच. एका मनोऱ्यामुळे ती लक्षात राहते.

याच ठिकाणी तुमच्या गाइडने एक गोष्ट सांगावी, बस आपोआप गप्प होईल. नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांच्या फौजेने ओल्ड गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं. ते परत घ्यायला पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः गेला आणि जेमतेम जीव वाचवून आला. शहरात घबराट. तेव्हा त्याने बॉम जीझसमध्ये जाऊन झेवियरची पेटी उघडवली, आपला राजदंड त्या शवाच्या हाती दिला आणि शहर आता तूच सांभाळ म्हणून साकडं घातलं. पुढे मोगल शहाआलम कोकणात उतरू लागला आणि मराठी फौजेला मागे फिरावं लागलं. आमच्या सहलीत त्या पेटीपुढे अर्धा तास रांगेत उभं राहिलेल्या बारापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. त्या दिवसांत समोरच्या कॅथेड्रलला दोन्ही मनोरे होते. मराठ्यांच्या कुणा बारगिराने नदीपल्याडून पाहिलं असेल, तर आपण पाहतो ते कॅथेड्रल त्याने पाहिलेलं नाही.

कॅथेड्रल पांढरं आणि बॉम जीझस तांबूस-तपकिरी का, हा प्रश्न आमच्या वहिनींनी विचारला होता आणि मॅनेजरने 'स्टाइल वेगळी आहे' म्हणून वेळ मारून नेली. दोन्हीचा मूळ दगड एकच, जांभा. कोकणात चिरा म्हणतात तो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण अंगभर छिद्रं. गोव्याचा पाऊस त्याला खातो. म्हणून जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला आणि दर काही वर्षांनी तो नवा करत राहिले. कॅथेड्रलचा गिलावा टिकवला, म्हणून ते पांढरं. बॉम जीझसचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने खरवडून काढला, दगड उघडा जास्त 'प्राचीन' दिसतो म्हणून. तेव्हापासून ते पावसात झिजतं आहे, आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. लोक त्या तपकिरी भिंतीपुढे उभे राहून 'बघा, किती जुनं' म्हणतात. ते जुनेपण जेमतेम सत्तरेक वर्षांचं. बॉम जीझसच्या दर्शनी भागात काळा दगड दिसतो तो मात्र वसईहून नेलेला, आपल्या दख्खनी काळ्या पाषाणाच्या जातीचा.

आता आत. 'तेच ते' बघायला.

पहिल्यांदा जाणवते ती लांबी. बाहेरून आत २५० फूट, म्हणजे क्रिकेटच्या पावणेचार खेळपट्ट्या एकापुढे एक. रुंदी १८१ फूट. मधे कमानदार छताचं मुख्य दालन, दोन्ही बाजूंना जाड खांब आणि त्यांच्यामागे छोटी छोटी उपासनागृहं. बाहेरचं काम साधं, टस्कन पद्धतीचं, सैनिकी म्हणावं इतकं सरळ. आतले खांब कोरिंथियन, वर पानाफुलांची नक्षी. दाराबाहेर हिशेबी आणि दाराआत हौशी, असा काहीसा या घराचा स्वभाव आहे. शिरल्यावर बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दिसेल. ते १५३२ सालचं, म्हणजे भोवतीच्या भिंतींपेक्षा तीस वर्षांनी थोरलं. झेवियरने त्यातून बाप्तिस्मे दिले असं सांगतात.

एकंदर १५ वेद्या आहेत. पंधराही बघा असं मी म्हणणार नाही, माणसं पळून जातील. दोन पुरे. एक, उजव्या-डाव्या अंगाच्या उपासनागृहांमधलं चमत्कारी क्रुसाचं. या क्रुसावर १६१९ मध्ये ख्रिस्ताचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि तो लाकडी क्रूस वाढत जातो असंही भाविक मानतात. वाढत्या नंदीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्या मंडळींना इथे परकं वाटणार नाही.

दुसरी, मुख्य वेदी. तिथे निवांत बसा. जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी लाकूडकाम, आणि त्यात चौकटी. लोक त्या चौकटींकडे 'डिझाइन' म्हणून पाहतात. ती गोष्ट आहे! आपल्याकडे चित्रकथी पोथीचं एकेक पान पुढे करत कथा लावतो ना, तसं इथे सेंट कॅथरिनचं चरित्र लावलं आहे. अलेक्झांड्रियाची एक शिकलेली मुलगी. सम्राटाने तिचं मत खोडायला पंडित आणले, तिने वादात पंडितांनाच गप्प केलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर चढवायचं ठरलं, तर चाकच मोडलं. शेवटी तलवारीने शिरच्छेद. दंतकथा म्हणा हवं तर. पण वादविवादात जिंकलेल्या बाईची गोष्ट सोन्यात मढवून शहराच्या सर्वांत मोठ्या भिंतीवर लावली आहे, आणि आमच्या बसमधल्या दोन निवृत्त मुख्याध्यापिका तेव्हा काजू विकत घेत होत्या.

मनोऱ्यातल्या घंटेबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण तिथे मला तुमच्या धंद्यातला एक भित्रेपणा दिसला. तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. नाव सोन्यामुळे पडलेलं नाही, नादामुळे. गोव्यातली ती सर्वांत मोठी. गाइड लोक एवढं सांगून थांबतात. पण ही घंटा समोरच्या चौकात इन्क्विझिशनच्या शिक्षा जाहीर व्हायच्या तेव्हाही वाजायची. धर्माच्या नावाने चौकशा करून शिक्षा देणारं ते न्यायालय गोव्यात १५६० ते १८१२ होतं, मधली काही वर्षं सोडून. ते सांगायला संकोच कसला? उलट, तुमच्याच वेळापत्रकात चौथ्या दिवशी मंगेशी आहे. तिथे आमचा मॅनेजर म्हणाला, 'प्राचीन देवस्थान', बस. मंगेशाचं मूळ ठाणं कुशस्थळीला, आजच्या कुठ्ठाळीला. १५६० मध्ये भाविकांनी देव रातोरात नदीपार, पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळला हलवला. दोनच वर्षांनी इकडे कॅथेड्रलचा पाया पडला. तिसऱ्या दिवसाची जागा आणि चौथ्या दिवसाची जागा ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, आणि आपण मधे एक बीच आणि एक क्रूझ घालून ती तोडून टाकतो. हे सांगितल्याने कुणी कुणावर चिडून उठत नाही. मी परतीच्या गाडीत सांगून पाहिलं. इगतपुरी येईस्तोवर लोक प्रश्न विचारत होते, आणि आमच्यातले सर्वांत कमी बोलणारे काका म्हणाले, "हे जाताना सांगायचं न जी मास्तर. आम्ही तं नुसती टोपी घेऊन आलो तिथून."

तेव्हा 'लोकांना कंटाळा येतो' हे तुमचं उत्तर मला पटणार नाही. कंटाळा इमारतीचा येत नाही, उन्हात उभं राहून काही न कळण्याचा येतो.

जाता जाता टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याकडेही बोट दाखवा. एके काळी तेही प्रचंड चर्च होतं. १८३०च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले, साधू गेले, घर ओस पडलं. १८४२ मध्ये छत खाली आलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग. कॅथेड्रल कुठल्या संघाचं नव्हतं, धर्मप्रांताचं होतं. शहर रोगराईने रिकामं झालं, राजधानी पणजीला गेली, तरी गादी कागदोपत्री इथेच राहिली. म्हणून दिवाबत्ती चालू राहिली, आणि म्हणून छत शाबूत. झेवियरच्या अवशेषांचं दर दहा वर्षांनी होणारं दर्शन २०२४-२५ मध्ये झालं तेव्हाही पेटी बॉम जीझसमधून इथेच आणून ठेवली होती. त्या दीड महिन्यात समाधी गादीकडे आली होती म्हणायची.

मागणं फार नाही. ओल्ड गोव्याला दोन तास द्या. सकाळी नऊच्या सुमारास पोचा, कारण पूर्वेचं ऊन तेव्हा दर्शनी भिंतीवर असतं, दुपारी तीच भिंत स्वतःच्या सावलीत जाते आणि फोटो काळे येतात. रविवारची सकाळ टाळा, मिसा चालू असते, आणि कुणाच्या पूजेत कॅमेरा घेऊन घुसणं आपल्याला आपल्या देवळात चालेल का? आधी कॅथेड्रल, मग बॉम जीझसची रांग, म्हणजे वेळ कमी पडला तरी कॅथेड्रल कापलं जाणार नाही. बीचवरचे कपडे बदलून यायला आदल्या रात्री सांगा. आणि गाइडला 'पैसे संपले म्हणून मनोरा राहिला' हे वाक्य बोलायला बंदी करा.

मी एक काम करून ठेवलं आहे. दर्शनी भिंतीचं रेखाचित्र काढलंय, एका ए-फोर कागदावर, पडलेला मनोरा तुटक रेघांनी दाखवून. मागच्या बाजूला कॅथरिनच्या चौकटी कोणत्या क्रमाने बघायच्या ते मराठीत. झेरॉक्स काढून बसमध्ये वाटा, फुकट आहे, माझं नावही घालू नका. हिवाळ्यातला सीझन सुरू व्हायच्या आत कळवलंत तर आणखी एक कागद मंगेशीचा करून देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
त्रिमूर्ती नगर, नागपूर

ता. क. काजूची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मी विचारून आलो आहे.